आय७ घ्यावा की आय५? आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

मंजिरी_नाशिक
मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय, दोन मॉडेलं काढून ठेवलीत, एकात आय७-१२५५यू प्रोसेसर आणि दुसऱ्यात आय५-१२४५०एच, दोन्हीला १६ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो आय७ मोठा, दहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, डोळे झाकून घ्या. पण सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीच्या मल्टीकोअर स्कोअरमध्ये आय५ पुढे दिसतोय, हे कसं काय? कोणता घेऊ तेवढंच सांगा.

पक्या८८
मुलगी करते काय ताई?

मंजिरी_नाशिक
आर्किटेक्चर, तिसरं वर्ष. सगळे वापरतात तेच सॉफ्टवेअर.

सह्याद्रीकर
आय५-आय७ बघूच नका, शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे १५ वॅटचा, एच म्हणजे ४५ वॅटचा. त्या दहा कोअरपैकी मोठे दोनच, बाकीचे आठ छोटे. एचमध्ये चार मोठे, चार छोटे. रेंडर (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र बनवणं) तासभर चालला की यू तापतो आणि मंदावतो. एच घ्या.

पक्या८८
पण रेंडर करते का ते कुठे विचारलंत? ऑटोकॅडमध्ये नुसते टूडी प्लॅन काढायचे तर जवळपास सगळं काम एकाच कोअरवर चालतं, आणि तिथे हा यू ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एच ४.४. सिनेबेंचचा तो मल्टीकोअर स्कोअर सगळे कोअर एकदम पळवून मोजतात, प्लॅन काढताना तसं कधी होतच नाही.

एम१वाला
सरळ मॅकबुक एअर घ्या. फॅनचा आवाज नाही, बॅटरी दिवसभर. माझं स्केचअप, थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर, मस्त चालतं.

सह्याद्रीकर
आणि रेव्हिट, ते इमारतीच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर? ते मॅकवर येतच नाही. चौथ्या वर्षात कॉलेजने मागितलं तर काय करायचं?

एम१वाला
तिने रेव्हिट लागतं असं कुठे म्हटलंय?

सदाकाका
ऑटोकॅड, रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो. क्रॅक (चोरीची प्रत) टाकू नका.

मंजिरी_नाशिक
मुलीला फोन केला. ऑटोकॅड, स्केचअप आणि एन्स्केप म्हणाली. आता तरी सांगा!

पक्या८८
एन्स्केप?? मग गाडी प्रोसेसरवर नाही, ग्राफिक्स कार्डवर अडणार. एन्स्केपचा रेंडर कार्डच करतं. या दोन्हीत वेगळं कार्ड आहे का?

मंजिरी_नाशिक
आय५वाल्यात आरटीएक्स ३०५० हे वेगळं कार्ड लिहिलंय. आय७वाल्यात आयरिस एक्सई, म्हणजे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स.

सह्याद्रीकर
मग विषयच मिटला, आय५ घ्या. मी पहिल्यापासून एच म्हणत होतो.

पक्या८८
तुम्ही कोअर मोजून म्हणत होतात, खरं कारण कार्ड आहे. ताई, दुकानात जाताना मुलीला बरोबर न्या आणि तिची सगळ्यात जड फाईल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदार मशीनवर सॉफ्टवेअर टाकू देत असेल तर तीच फाईल उघडून, मॉडेल फिरवून बघा. चार्जर काढूनही बघा, कारण हे लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर बरेच हळू होतात आणि ज्युरीच्या (परीक्षकांना काम दाखवायच्या) वेळी जवळ प्लग असेलच असं नाही.

सदाकाका
वजन पण बघा. रोज बसने नेणार असेल तर खांदा दुखतो पोरींचा.