मुदतवाढीचा निर्णय लटकलेला असताना एलडी कापावी का?

क्रिटिकल_पाथ: बांधकाम करारात एलडीचा, म्हणजे काम उशिरा झाल्याबद्दल कंत्राटदाराकडून घ्यायच्या भरपाईचा, दर आधीच ठरलेला असतो. दर गुणिले दिवस, की चालू बिलातून कापलं. माझी हरकत दराला नाही, क्रमाला आहे. पायाचं ड्रॉइंग मालकाकडून उशिरा येतं, कंत्राटदार नोटीस देतो, मालकाने नेमलेल्या अभियंत्याचं उत्तर येतं ‘विचाराधीन’. पुढच्या बिलात मात्र एलडी कापलेली! मुदतवाढीवर निर्णय होईपर्यंत कापणी नाही, असं करारातच लिहिलं पाहिजे.

करार_कक्ष: साफ असहमत. मग जो तो अर्ज टाकून कापणी अडवेल. फिडिकमध्ये (अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारात) उशिराला कारण ठरलेली घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यायची असते. ती न देता काम संपल्यावर क्लेमचे गठ्ठे आणणारे कमी नाहीत. आणि एलडी कंत्राटदारालाही सांभाळते: तिला कमाल मर्यादा असते, एरवी मालकाचं प्रत्यक्ष नुकसान कुठवर जाईल सांगता येत नाही.

क्रिटिकल_पाथ: नोटिशीची मुदत मान्य. पण दुसरी बाजूही बघा. फिडिक 2017 मध्ये तपशीलवार क्लेम मिळाल्यावर अभियंत्याला सहमती घडवायला 42 दिवस, निर्णयाला आणखी 42. तो गप्प बसला तर क्लेम फेटाळला असं धरतात. म्हणजे कंत्राटदार 28 दिवस चुकला तर हक्क जातो, आणि अभियंता चुकला तरी फटका कंत्राटदारालाच. हे मला पटूच शकत नाही.

करार_कक्ष: फेटाळला तर वाद मंडळाकडे (करारातल्या वादांवर निर्णय देणाऱ्या त्रयस्थ तज्ज्ञांकडे) जा, ते 84 दिवसांत निर्णय देतं. नापसंतीची नोटीस दिली तरी तो निर्णय लगेच पाळावा लागतो, लवाद नंतर. याहून वेगवान काय हवं?

साइटवरून: 84 दिवस, पण मंडळ अस्तित्वात असेल तर! कागदावर कायमचं मंडळ, प्रत्यक्षात खर्च नको म्हणून वाद पेटेपर्यंत नेमणूकच नाही, हे फार चालतं. शिवाय मुदतवाढीचं कलम मालकाच्याच फायद्याचं आहे. इंग्लंडच्या 1970 च्या पीक विरुद्ध मॅकिनी निकालात उशिराचा काही भाग मालकामुळे झाला होता, त्यासाठी मुदत वाढवायची सोय करारात नव्हती, आणि मालकाची एलडीच गेली. मुदतवाढ लटकवणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. माझं मत: वादातली रक्कम कापा, पण निर्णय होईपर्यंत त्रयस्थ खात्यात ठेवा.

क्रिटिकल_पाथ: हे चालेल, मंडळाची नेमणूक काम सुरू होण्याआधी होणार असेल तर.

करार_कक्ष: नेमणुकीला माझा पाठिंबा. त्रयस्थ खात्याला नाही. उशिरा मिळालेली इमारत मालकाला आजच महागात पडते.