वरून की पुढून? वॉशिंग मशीनचे अनुभव लिहा

मोरी_ते_मशीन
काल शेजारच्या काकूंकडे नवीन मशीन आलं. पुढून उघडणारं. दोघे हमाल ते जिन्यातून चढवताना एवढे ओरडत होते की सगळ्या मजल्यांची दारं उघडली. आणि मला एकदम आमचं गिरगावातलं पहिलं मशीन आठवलं. सेमी. एका टबात धुवा, उचला, दुसऱ्यात पिळा. मोरीत जागा कुठली, ते गॅलरीत असायचं. वर फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर, इस्त्री फिरवल्यासारखं नीट बसवलेलं. नळाला पिवळी नळी जोडायची आणि टब भरला की गॅलरीतून ओरडायचं, "बंद कर गंऽऽ". ड्रायर फिरायला लागला की मशीन चालत चालत पाटणकरांच्या दारापर्यंत जायचं. म्हणून आजी त्यावर दोन्ही हात दाबून उभी राहायची आणि तिथेच तिचं स्तोत्र म्हणून व्हायचं.

असो. आता परळला राहतो. आमच्या टॉप लोडचा गिअरबॉक्स गेलाय. दुरुस्तीच्या खर्चात अर्धं नवीन येईल म्हणे. नवऱ्याला फ्रंट हवं, सासूबाईंना टॉप. मला कोणी विचारलेलं नाही. दुकानातला मुलगा जे महाग तेच चांगलं म्हणतो. वापरणाऱ्यांनी सांगा. पाणी पहाटे येतं, मग दिवसभर गच्चीवरच्या टाकीचं, आणि आम्ही टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर.

लोकलवाली
फ्रंट. डोळे मिटून. बाकीचं बोरिवलीला उतरून लिहिते, एक हात कडीला आहे

बंड्या_दादर
आमच्याकडे बाई-लोड. वरून, पुढून, कसेही कपडे टाका, आवाज मात्र फार करते 😄

चारकोपची_सुगरण
@बंड्या 😂 आमची तर म्हणते, मशीन असलं तरी पैसे तेवढेच, वाळत कोण घालणार?

मोरी, आमच्या घरची गोष्ट ऐक. फ्रंट आणलं तेव्हा सासूबाई स्टूल घेऊन काचेसमोर बसायच्या. "अगं, पाणीच दिसत नाही, हे काय धुतंय?" मी समजावलं की आई, यात कपडे पाण्यात पोहत नाहीत. ड्रम आडवा फिरतो, कपडे वर जातात, धपकन खाली पडतात, तळाला थोडं पाणी असलं की भागतं. "हो का," म्हणाल्या. एके दिवशी ऑफिसातून लवकर आले तर साबणाचा कप्पा बाहेर ओढलेला आणि आई तांब्याने त्यात पाणी ओततायत. शांतपणे. बाजूला भरलेली बादली. मला म्हणतात, "कोरडं कोरडं फिरतंय बिचारं."

आता त्यांच्या भजनी मंडळात त्याच सगळ्यांना फ्रंट घ्या म्हणून सांगतात. तांब्या मात्र अजून मशीनच्या शेजारीच असतो, का ते विचारायची माझी हिंमत नाही.

अवनी_म
हहपुवा! तांब्या!!

निवृत्त_फिटर
उभा जन्म लोकांची मशीनं उघडण्यात गेला म्हणून चार शब्द.

मोरीताई, तुमच्या लिहिण्यात मुद्द्याची गोष्ट शेवटच्या ओळीत आलीय. टाकीच्या लगेच खालचा मजला. पाणी जितकं उंचावरून येतं तितका दाब, दहा मीटरला साधारण एक बार. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.३ बार किंवा त्याहून जास्त दाब मागितलेला असतो. म्हणजे टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत निदान तीन मीटर तरी उतार हवा, आणि मधल्या पाइपात गंज-कचरा असेल तर तोही दाब खातो. दाब कमी पडला की मशीन पाण्याची वाट बघत बसतं, मग पडद्यावर आयई किंवा तत्सम काहीतरी दाखवून बंद. लोक मला बोलवायचे, मी नळामागची बारीक जाळी धुवायचो, निम्म्या वेळा तेवढ्यानेच चालू व्हायचं. बाकीच्यांना छोटा प्रेशर पंप. टॉप लोडला निदान बादलीने वरून पाणी घालता येतं. मुंबईत या एका सोयीवर किती टॉप लोड खपलेत ते दुकानदारांना विचारा.

दुसरं, पाणी गरम करणारं मशीन घेतलंत तर साध्या पाच अँपियरच्या प्लगला लावू नका. हीटर दोन हजार वॉटच्या आसपास असतो. १६ अँपियरचा पॉइंट वेगळा ओढून घ्या. जुन्या इमारतीत वायरिंग बघून घ्या, नाहीतर शेजाऱ्यांसकट अंधार.

तिसरं, फ्रंटच्या पाठीमागे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय चालवलं तर मशीन घरभर फिरतं. आत सिमेंट-काँक्रीटचं वजन असतं, एकूण साठ-सत्तर किलोचा ऐवज, पायावर आला तर काय होईल सांगायला नको.

मोरी_ते_मशीन
काका, एवढं तर दुकानात कोणी सांगितलंच नाही. प्रेशर मोजायचा कसा पण?

निवृत्त_फिटर
मोजू नका. मशीनच्या नळाखाली बादली लावा. भरेपर्यंत तुमचा चहा उकळून गाळून झाला तर पंप लागणार.

एक_कप_चहा
कोणीतरी बोलावलं का मला? 😌

फ्रंटच्या दाराचं रबर! त्याबद्दल कोणी लिहिणार आहे की नाही? त्या घडीत पाणी साचतं, आपल्या हवेत काळी बुरशी येते, आणि धुतलेल्या टॉवेलला ओल्या पायपुसण्याचा वास. धुणं झालं की घडी बोटाने उलटी करून फडक्याने पुसायची आणि दार उघडं ठेवायचं. आमच्याकडे दार उघडं ठेवलं की मांजर आत. म्हणून चालू करायच्या आधी हात घालून चाचपायचं, हा घरातला कायदा आहे. आमच्या रबरात काय काय सापडलंय: लेकाचे मोजे, चड्डीची नाडी, खोडरबर, एकदा तर अख्खी वेलची, फोडणीत टाकण्याइतकी स्वच्छ

ऋतुगंध
खिशातल्या वस्तूंवरून. ह्यांच्या पँटमध्ये रेल्वेचा पास राहिला, फर्स्टचा, तिमाही, दोन दिवसांपूर्वी काढलेला. कागदाचा जो लगदा झाला तो काळ्या पँटवर, काळ्या टीशर्टवर, माझ्या काळ्या कुर्त्यावर. रोज गाडीत बसून नखांनी कण काढत होते. यात वरचं-पुढचं सगळं सारखंच.

बंड्या_दादर
टीसीने विचारलं तर पँट दाखवायची

लोकलवाली
उतरले. हं. तर कारण एकच, पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्या हॉलमध्ये दोऱ्याच दोऱ्या, पाहुणे वाकून आत येतात. आधीचं टॉप पिळायचं सातशेच्या आसपास फेऱ्यांनी, हे बाराशेने पिळतं. जीन्स रात्री पंख्याखाली टाकली तर सकाळी कमरेची पट्टी सोडून वाळलेली असते. ती पट्टी इस्त्रीने. टॉपवर तीच जीन्स तिसऱ्या दिवशीही गार लागायची आणि मग तो वास. मुंबईत राहणाऱ्याला वास म्हणजे कुठला ते सांगावं लागत नाही.

शिवाय पाणी. सात किलोच्या फ्रंटला एका धुण्याला साधारण ५०-६० लिटर, टॉपला सहज दुप्पट. पाणीकपात लागली की फरक कळतो.

पण वेळ!! कॉटनवर ठेवलं की दोन दोन तास. टॉप तासाभरात मोकळं करायचं.

खारदांडा
आमच्याकडे बोंबील आणि बेडशीट एकाच वाऱ्यात वाळतात त्यामुळे वासाचं आम्हाला सांगू नका 😁 खाऱ्या हवेने मशीनचा पत्रा खालून खातो. गॅलरीत ठेवायचं तर कव्हर हवंच आणि लोखंडी स्टँड घेऊ नका.

सातवा_मजला
माझे गुडघे काय म्हणतात ते लिहिते. पुढून म्हणजे वाकायचं, बसायचं, पिंपातून काढावे तसे ओले कपडे ओढायचे. डॉक्टरांनी मांडी घालू नका सांगितलंय. टॉप घेतलं. उभ्या उभ्या टाका, उभ्या उभ्या काढा, आणि मध्येच आठवलं की ह्यांचा बनियन राहिला, झाकण उघडा, टाका. फ्रंटचं दार लॉक असतं, मध्ये काही टाकायचं तर त्याची मर्जी सांभाळावी लागते. काही मशीनना त्यासाठी वेगळी सोय असते म्हणे, पण ती महाग.

अवनी_म
मावशी, माझी उंची चार फूट दहा इंच. टॉपच्या तळाशी पडलेला मोजा काढायला मी अर्धी आत आणि पाय जमिनीवरून वर. मुलाने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

सातवा_मजला
@अवनी चिमटा घे गं, पापड भाजायचा. लांब मिळतो.

विरारकर
इथे सगळे महापालिकेचं तलावाचं पाणी पिणारे दिसतायत. तुमचं पाणी मऊ, फेस भरपूर. आमच्याकडे टँकर आणि बोअर. जड पाणी. साबण फेसत नाही, कपडे कडक होतात, आणि फ्रंटच्या हीटरवर पांढरा थर. आम्ही मधूनमधून डीस्केल पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवतो. हीटर नसलेल्या टॉपला निदान हे एक दुखणं कमी.

उलट परळला मऊ पाणी, तर हाताने धुवायची पावडर फ्रंटमध्ये टाकू नका. कमी पाण्यात फेस मावत नाही, मशीन खळखळत राहतं, तास वाढत जातो. फ्रंटची वेगळी पावडर किंवा लिक्विड, तेही दुकानदार सांगतो त्याच्या अर्धं.

ऋतुगंध
विरारकर, विरारला आता पाणी कसं आहे? भाऊ तिथे फ्लॅट बघतोय.

विरारकर
फ्लॅट बघताना स्वयंपाकघराआधी खालची टाकी बघा. व्यनि करतो.

पार्लेकर
माझा मुद्दा नऊवारीचा. आईची सुती नऊवारी टॉपमध्ये टाकली की तळातला पंखा ती गुंडाळतो, दोरखंड होतो, बरोबर दोन शर्टांचे हात आणि माझा पायजमा. सोडवायला दोघं लागायचे, एक टोक आईकडे एक माझ्याकडे, शेजारचे येऊन बघायचे. फ्रंटमध्ये पीळ कमी पडतो, पाचवारी तर तशीच्या तशी निघते. जाळीच्या पिशवीत घाला, दोन्हीकडे चालतं.

आणि डाग. लेक फुटबॉल खेळतो, पावसात. साठ डिग्रीवर घातलं की मैदानाचं मैदानाला. पण रंगीत कपडा बरोबर घातला तर रंगपंचमी.

एक_कप_चहा
पार्लेकर, पुरणपोळीच्या तेलाचा डाग टसरवरून कसा जाईल? अगदी ताजा आहे.

पार्लेकर
टसर मशीनमध्ये नको! टाल्कम पावडर भुरभुरवून रात्रभर ठेवा, झटका, मग ड्रायक्लीनवाला. आणि पुरणपोळी कशाबद्दल होती?

एक_कप_चहा
नणंदेचं डोहाळजेवण 🙂

चारकोपची_सुगरण
अभिनंदन!! आता टोपडी-लंगोट येतील, गरम पाण्याचं मशीनच घ्यायला सांग तिला

लालबागचा_भाडेकरू
तळमजला आहे. उंदीर खालून शिरला आणि वायरी कुरतडल्या. ज्यांना तळमजला आहे त्यांनी वर-पुढे नंतर बघा, आधी मशीनला खालून जाळी आहे का ते बघा. माझी वॉरंटी होती, पण उंदीर वॉरंटीत बसत नाही असं सांगण्यात आलं.

बंड्या_दादर
उंदीर बाप्पाचा, त्याला कुठली अट लागू होते

निवृत्त_फिटर
लालबागकर, डांबरगोळ्या ठेवू नका, कपड्यांना वास धरतो. बारीक जाळी कापून खालून स्क्रूने बसवा, हवेला भोकं राहू द्या. आणि सांडपाण्याची नळी जाते त्या भोकाभोवती गच्च बुजवा, तो तिथूनच येतो.

नळीवरून आठवलं. फ्रंटची सांडपाण्याची नळी मोरीत जमिनीवर टाकतात लोक. वर टांगा, कमरेच्या थोडी खाली. जमिनीवर टाकली तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहत राहतं, आणि मशीन भरतंय भरतंय, भरतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब.

मोरी_ते_मशीन
सगळ्यांना धन्स. बादली लावून बघितली. चहा झाला, गाळला, अर्धा पिऊनही झाला. म्हणजे पंप धरून फ्रंटचा हिशोब बराच वर जातो. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या फक्त हसल्या. नवरा आता पंपाचे भाव बघतोय. मी टॉपच्या बाजूला झुकलेय, पण लोकलवालीच्या जीन्सने घोळ घातलाय. हीटरवालं टॉप मिळतं ना?

लोकलवाली
मिळतं. महाग. आणि पिळणं बघ आधी, फेऱ्यांचा आकडा विचार, दुकानात तो कोणी आपणहून सांगत नाही.

मोरी_ते_मशीन
आणि जुन्याचं काय करायचं? दुकानवाला बदलीत फारच कमी देतोय.

खारदांडा
भंगारवाल्याला द्या पण स्टीलचा ड्रम काढून घ्या आधी. आम्ही त्यात कढीपत्ता लावलाय. भोकं असल्यामुळे पाणी तुंबत नाही.

सातवा_मजला
कढीपत्ता जगतो? माझा तिसऱ्यांदा गेला.

खारदांडा
ताक घाला थोडं, पातळ करून. रोप हवं तर या, खाली खूप फुटलीत. येताना पिशवी आणा.