सोफ्याचं कापड: शिवण उसवली की कापड फाटलं, ते आधी बघा

ताई, सोफ्याचं कापड पायपिंगजवळ (शिवणीतल्या दोरीसारख्या गोल कडेजवळ) बोटभर उघडलंय म्हणताय, तर बहुतेक फक्त शिवण उसवलीय. त्यावर फेविक्विक लावायचा सल्ला कृपया ऐकू नका. सुती कापडावर ते तापतं, वाळून काचेसारखं कडक होतं आणि कडेलाच नवी चीर पडते.

अर्धगोल वाकडी सुई आणि जाड पॉलिएस्टर दोरा घ्या. नागपुरात इतवारीत शिवणसामानाच्या दुकानात विचारा. साधा सुती दोरा खिडकीच्या उन्हात कुजतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकरच. गाठ काठाच्या दुमडलेल्या घडीच्या आत लपवा. एका काठाच्या घडीतून ४-५ मिमी सुई चालवा, बाहेर आली की बरोबर समोरच्या काठात घाला. समोरासमोर नाही घातली तर कापड तिरकं ओढलं जातं. चार-पाच टाके सैल घालून मग दोरा ओढा, टाके आत गडप होतात. भोकाच्या दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर पुढे, जुन्या शिवणीवर जा.

मधोमध फाटलं असेल तर नुसतं शिवू नका, चुणी पडते. सगळीकडून २-३ सेंमी मोठं मांजरपाटाचं ठिगळ, कोपरे गोल कापून, चिमट्याने आत सरकवा. कापडाच्या गोंदाचा पातळ थर द्या, जास्त झाला तर वर डाग फुटतो. सुटलेले धागे कापू नका, आत दाबा. वर प्लास्टिक, त्यावर वजन, रात्रभर.

रेग्झिन असेल तर सुई लावूच नका. भोकांच्या रेषेवरच ते पुन्हा फाटतं. तिथे फक्त आतून ठिगळ आणि लवचिक गोंद.