गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतोय, तर धावणं पूर्ण बंद करायचं का?

म्हापसेकर:
पावसाळा सरला की पणजी-मडगावात धावणारे एकदम वाढतात आणि पाठोपाठ आयटी बँडची, म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याची, दुखणी सुरू होतात. दोन-तीन किलोमीटर झाले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागतं, उतारावर जास्तच. माझं मत स्पष्ट आहे: सहा आठवडे पूर्ण विश्रांती. दुखणं अंगावर काढू नका.

फोंडेकर:
म्हापसेकरबाब, अंगावर काढू नये हे शंभर टक्के मान्य. पण नुसतं बसून राहिलं की दुखणं थांबतं, कारण तिथेच राहतं. पाऊल टेकल्यावर गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो, तेव्हा त्या पट्ट्याखालचा भाग दाबला जातो. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील तर तिथला ताण वाढतो. सहा आठवडे सोफ्यावर बसून ते बळकट कसे होणार?

पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा उतार बंद करा, अंतर कमी करा, सपाटीवर दुखायच्या आत थांबा. मिनिटाला पडणारी पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवा, म्हणजे पाऊल आपोआप आखूड पडतं. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा: पाय अंगाच्या रेषेच्या किंचित मागे, टाच छताकडे. बोटं वर वळली की मांडीचा पुढचा भागच सगळं काम करतो आणि कमरेला व्यायाम होतच नाही. बहुतेक जण इथेच चुकतात.

डिचोलीकर:
रस्ता सोडून मिरामारच्या वाळूवर धावलं तर? मऊ असते.

फोंडेकर:
या दुखण्यात तरी नको. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. परत येताना पाय बदलतो खरा, पण दुखऱ्या पायाला अर्धी वाट त्रास झालेलाच असतो.

म्हापसेकर:
वाळूचं पटलं. पण "दुखायच्या आत थांबा" हे जुन्या धावपटूला जमतं. नवा मुलगा शर्यतीत नाव घातलंय म्हणून दात-ओठ खाऊन पुढे रेटतो. त्याला "बंद" हाच शब्द कळतो, म्हणून मी तोच सांगणार.

फोंडेकर:
त्याला सोपी खूण द्या. जिना उतरताना दुखतंय तोवर धावायचं नाही, सायकल किंवा पोहणं चालेल, तेही दुखत नसेल तरच. धावल्यावर दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर अंतर आणखी कमी. आणि गुडघा सुजला किंवा अडकायला लागला, तर ही चर्चा बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.