चिनी मातीची उंची भांडी रोजच्या पानात: आपले अनुभव लिहा

चिनी मातीची उंची भांडी जमवणाऱ्या घरांत दोन पंथ आढळतात. पहिल्या पंथातील मंडळी संग्रह काचेच्या कपाटात ठेवतात आणि व्याही घरी येणार असतील तरच कपाटाची किल्ली शोधतात. दुसऱ्या पंथातील मंडळी त्याच बशांत सकाळचे पोहे आणि रात्रीची खिचडी वाढतात. हा धागा मुख्यतः दुसऱ्या पंथासाठी आहे, पण पहिल्या पंथाने आपले आक्षेप जरूर नोंदवावेत. आपण काय जमवता, कोठून आणता, त्यातील कशात जेवता आणि कशात जेवत नाही, आमटी-भाताला परदेशी घडणीची भांडी कशी पुरी पडतात, हे सविस्तर लिहावे. ‘छान धागा’ एवढाच प्रतिसाद कृपया नको.

सुरुवात मीच करतो.

पुणे (धागाकर्ता)

माझा संग्रह बहुतांशी जपानी नोरिताके भांड्यांचा आहे. नागोयाजवळ 1904 मध्ये हा कारखाना निघाला, पण परदेशी निर्यातीसाठी पूर्ण डिनर सेट तयार व्हायला 1914 साल उजाडले, कारण पंचवीस सेंटिमीटर व्यासाची मोठी, सपाट थाळी त्यांना साधत नव्हती. भट्टीच्या उष्णतेत माती मऊ पडते आणि रुंद थाळीचा मधला भाग किंचित बसतो किंवा कडा वाकते. ही माहिती मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फार उपयोगी पडते. थाळी सपाट फळीवर ठेवून ती डुगडुगते का ते मी आधी पाहतो. मग बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकेच वाजवतो. खणखणीत वाजली तर ती धड आहे. बद्द वाजली तर डोळ्यांना न दिसणारा तडा कोठेतरी नक्की आहे, आणि अशा थाळीत गरम वरण ओतले की तो तडा वाढतो. मागचा शिक्का त्यानंतर वाचावा. ‘ऑक्युपाइड जपान’ असे छापलेली भांडी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यात असलेल्या जपानमधली, म्हणजे 1952 पूर्वीची असतात, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असले तर भाव लगेच चढतो.

जेवणाच्या बाबतीत माझे मत असे की मोठी डिनर प्लेट आपल्या जेवणाला सोयीची नाही. तिची रुंद कड शोभेची असते, मधला सपाट भाग लहान पडतो आणि आमटी कोशिंबिरीला जाऊन मिळते. त्याच सेटमधली सूप प्लेट मात्र वरण-भात, पिठले-भात, आमटीत कुस्करलेली भाकरी या सगळ्यांना उत्तम. वाट्यांच्या जागी फळांसाठी असलेले लहान बाऊल घ्यावेत. जुन्या सेटांत ते हमखास असतात आणि सुटे घेतले तर स्वस्तही मिळतात. गरम पोळी गुळगुळीत बशीवर ठेवली की खालून ओली होते, म्हणून पोळ्यांना आमच्याकडे अजूनही फडके घातलेला डबाच आहे.

ठाणे

आमच्या घरी बोन चायना येऊ शकत नाही, आणि माझा संग्रह त्या अटीतूनच घडला आहे. लग्नानंतर मी माहेरून आणलेला इंग्लिश टी सेट काढला तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारले, “यात हाडे असतात, हे खरे का ग?” ते खरेच आहे. इंग्लंडमधल्या स्टोक येथे स्पोड यांच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जे मिश्रण स्थिर झाले, त्यात सुमारे निम्मा भाग गुरांच्या जाळलेल्या हाडांच्या राखेचा असतो आणि उरलेल्या भागात पांढरी चिनी माती व कॉर्नवॉलचा दगड. राखेमुळेच ते भांडे इतके पातळ असूनही चिवट राहते आणि त्यातून प्रकाश आरपार दिसतो. सासूबाईंना ही सर्व माहिती मी दिली; त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि सेट माहेरी परत गेला.

त्यानंतर मी हाडविरहित पोर्सेलिनकडे वळले. जर्मनीत माइसेन येथे 1710 पासून जे बनत आले आहे ते याच जातीचे. माझ्या आवाक्यात माइसेन नाही, पण डॅनिश आणि जर्मन कारखान्यांच्या साध्या पांढऱ्या-निळ्या बशा सुट्या मिळतात. उजेडात धरल्यावर बोन चायनाचा पांढरा रंग किंचित सायीकडे झुकतो आणि पोर्सेलिनचा किंचित निळसर, थंड दिसतो. सवयीने डोळ्याला हा फरक कळू लागतो. आपल्या बाजारात आणखी एक घोळ आहे, तो म्हणजे ओपल, म्हणजे दुधी पांढऱ्या, काचेची भांडीही कित्येक दुकानदार सर्रास ‘बोन चायना’ म्हणून विकतात. त्यांत हाड नसते आणि चिनी मातीही नसते. आता सासूबाई स्वतःच भिंग घेऊन शिक्के वाचतात, आणि दुकानदाराने विचारण्याआधीच त्याला ‘नको’ म्हणून मोकळ्या होतात.

मडगाव

आमच्या सासष्टीत चिनी बशा ही नवी हौस नव्हे. चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव पोर्तुगीजांकडे होते, त्यामुळे कँटनहून निघालेली निळी-पांढरी भांडी गोव्यातल्या मोठ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चांदरच्या मिनेझेस ब्रागांझा वाड्यात ती पाहता येतात. आमचे घर तेवढे मोठे नाही. आमच्याकडे त्या जातीची एकच परात-वजा थाळी आहे आणि ती कधीतरी दुभंगल्यामुळे मागच्या बाजूने धातूचे टाके घालून जोडलेली आहे. तिच्यात आम्ही केळी आणि पाव ठेवतो, ओले काहीही नाही, कारण आंबट रस टाक्यांच्या छिद्रांत शिरला की धातू गंजतो आणि मातीवर डाग धरतो.

रोजच्या जेवणासाठी मी आधी इंग्रजी छापाच्या निळ्या, ‘विलो’ नक्षीच्या बशा जमवल्या होत्या. दिसायला देखण्या, पण त्यांची माती सच्छिद्र असते. वरच्या झिलईला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडल्या की तेल आत उतरते आणि बांगड्याच्या हुमणाचा वास धुऊनही जात नाही. आता त्या बशांत फक्त कोरडे खाणे होते. हुमण आणि सोलकढीसाठी पोर्सेलिनच हवे, कारण ते भट्टीतच काचेसारखे घट्ट होते आणि काही शोषत नाही. घरातली वडीलधारी मंडळी मात्र शीत-कडीला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटलीच मागतात, आणि मी वाद घालत नाही.

न्यू जर्सी

येथे वयस्क जोडपी मोठे घर विकून लहान घरात जातात तेव्हा सगळे सामान ‘एस्टेट सेल’मध्ये निघते, आणि त्यात डिनर सेट हमखास असतो, कारण मुलांना तो नको असतो. लग्नात आहेर म्हणून आलेले, एखाद-दुसऱ्या थँक्सगिव्हिंगला बाहेर काढलेले बारा जणांचे सेट नव्या साध्या प्लेटांपेक्षाही कमी किमतीत जातात. मी लेनॉक्स जमवते. हा कारखाना याच राज्यात, ट्रेंटन येथे 1889 मध्ये सुरू झाला आणि 1918 मध्ये विल्सन अध्यक्ष असताना व्हाइट हाउससाठी त्यांचा सेट घेतला गेला, हा इतिहास मला भाव करताना विक्रेत्याकडूनच प्रत्येक वेळी ऐकावा लागतो.

सोनेरी कड ही मोठी अडचण आहे. ती खऱ्या धातूची असल्याने मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, आणि आपल्या घरात तर कालची उसळ गरम करणे चालूच असते. डिशवॉशरच्या तीव्र साबणानेही सोने हळूहळू झिजते. म्हणून मी अन्न काचेच्या भांड्यात गरम करते आणि मग पानात वाढते. सोनेरी कडेच्या प्लेटा हाताने धुते, बिनकडेच्या यंत्रात घालते. हळदीचा पिवळेपणा कशानेही निघत नसेल तर बशी धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावी, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. स्टीलच्या चमच्यांनी उमटणाऱ्या करड्या रेघा हे ओरखडे नसून झिलईवर घासून बसलेला धातू असतो. ओल्या खाण्याच्या सोड्याने हलके चोळल्यावर त्या निघतात, मात्र नक्षीवर चोळू नये.

लातूर

माझे आजोबा सालगडी होते. ज्या वाड्यावर ते राबत, तेथे ओसरीबाहेरच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असे. चहा वरून ओतला जाई आणि पिऊन झाल्यावर कप त्यांनीच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा असे. गावातल्या हॉटेलातही वेगळ्या कपबशा होत्या, आणि घटनेने 1950 मध्ये अस्पृश्यता बेकायदा ठरवल्यानंतरही त्या कित्येक वर्षे तेथेच राहिल्या. वडिलांना नोकरी लागल्यावर त्यांनी पहिल्या पगारातून बेंगाल पॉटरीजच्या सहा कपबश्या आणल्या. त्या कपाटात कधीच गेल्या नाहीत. घरात कोणीही आले, पोस्टमन आला किंवा साहेब आला, तरी चहा त्याच कपांतून दिला जाई आणि आम्ही मुलेही त्यातूनच पीत असू.

मी इंग्रजी कप, बशी आणि खाण्याची लहान बशी असे तीन नगांचे जोड जमवतो. ‘ओल्ड कंट्री रोझेस’ ही 1962 मध्ये आलेली गुलाबांची नक्षी माझ्या पत्नीची आवडती आहे. मला ती जरा भडक वाटते. धाग्याच्या सुरुवातीला म्हटलेली पाहुण्यांच्या आणि घरच्या भांड्यांची विभागणी आमच्याकडे नाही, आणि टवका उडालेला कप, तो कितीही दुर्मीळ असला तरी, मी कोणापुढेही ठेवत नाही. मित्र म्हणतात की असा कप निदान पेन ठेवायला तरी ठेवावा. मी तो फोडून टाकतो.

खुर्जा, उत्तर प्रदेश (सिरॅमिक कारखान्यात नोकरी)

मी पहिल्या पंथातला आहे, पण माझा आक्षेप फुटण्यावर नसून रंगांवर आहे. निळा कोबाल्ट बहुधा झिलईखाली भरतात. तो तेराशे अंशांची भट्टी सोसतो आणि त्यावर काचेचे पूर्ण आवरण असते, त्यामुळे निळ्या-पांढऱ्या भांड्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. लाल, नारिंगी, पिवळा हे रंग मात्र अनेकदा झिलईच्या वर, सातशे-आठशे अंशांवर पक्के केलेले असतात आणि जुन्या भांड्यांत त्यांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. बशी तिरकी धरून उजेडात पाहावी. नक्षीच्या जागी चमक तुटत असेल किंवा नखाला उंचवटा लागत असेल तर रंग वरचा आहे. अशा बशीत टोमॅटोचे सार, दही, लिंबाचे लोणचे वाढू नये, आणि मुलांना तर ती देऊच नये. प्रयोगशाळेत चार टक्के ॲसिटिक आम्ल चोवीस तास भांड्यात ठेवून त्यात किती शिसे उतरले हे मोजतात. घरगुती चाचणीच्या काड्या तेवढ्या भरवशाच्या नसतात. भांड्याचे वय माहीत नसेल तर त्यावर सुके बिस्किट ठेवा आणि समाधान माना.

नागपूर

थोडक्यात लिहिते. ही भांडी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी घासू नयेत असे मी ठरवले आहे. फुटले तर पैसे कापणार नाही असे सांगूनही त्यांच्या मनावरचे दडपण जात नव्हते, आणि माझ्या हौसेचे ओझे त्यांनी का वाहावे? प्लास्टिकच्या टबात, तळाला जुना टॉवेल घालून, एका वेळी एकच नग मी धुते. टवके बहुतेक वेळा स्टीलच्या नळावर आपटूनच उडतात, ओट्यावरून पडून नव्हे. नळ बाजूला वळवला की निम्मा प्रश्न सुटतो.

स्टोक-ऑन-ट्रेंट

नोकरीमुळे मी या कुंभारांच्या शहरात आलो तोवर स्पोडचा जुना कारखाना बंद झालेला होता. तो 2008 मध्येच बंद पडला. तरीही जुन्या वस्तूंच्या दुकानांत येथली भांडी विपुल मिळतात, आणि रोजच्या वापरासाठी मी मुद्दाम दुय्यम प्रतीचा माल घेतो. कारखान्याच्या तपासणीत नापास झालेल्या नगाच्या शिक्क्यावर आडवा ओरखडा मारलेला असतो. दोष बहुधा सुईच्या अग्राएवढा काळा ठिपका किंवा जराशी सरकलेली नक्षी एवढाच असतो आणि पोह्यांखाली तो दिसतही नाही. किंमत मात्र निम्म्याहून कमी होते. संग्राहक असा माल घेत नाहीत, त्यामुळे स्पर्धाही नसते. नक्षी ठरवताना मी एकच पाहतो: ती बराच काळ उत्पादनात राहिलेली हवी. स्पोडची ‘ब्लू इटालियन’ 1816 पासून चालू आहे, म्हणून एखादी बशी फुटली तर जोडीची मिळते, फक्त निळ्याची छटा थोडी पुढे-मागे होते. धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे: नोरिताकेच्या बंद झालेल्या नक्ष्यांच्या सुट्या बशा पुण्यात मिळतात का, की त्या बाहेरूनच मागवाव्या लागतात?