मैफलीचे फोटो काढतो, पण आयोजक पैशाचं नाव काढत नाहीत. काय करावं?

पेठेतला_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. पुण्यात फ्रीलान्स फोटोग्राफी करतो, लग्नांवर घर चालतं पण जीव शास्त्रीय मैफलीत अडकलाय, अधूनमधून कॉलेज फेस्टमधले बँडही शूट करतो. आयोजक म्हणतात पुढच्या रांगेत बसायला देतो, फोटोखाली नाव टाकतो, अजून काय पाहिजे. आता तर एका संस्थेने न विचारता माझा फोटो पुढच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर छापला आणि नावही टाकलं नाही. फोटोवर हक्क नक्की कोणाचा? पैसे कसे मागायचे? आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असताना शटरचा आवाज झाला की लोक वळून बघतात, त्यावर काय करता?

कागदपत्री:
हक्काचं आधी सांगतो कारण यात बरेच जण फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. एरवी फोटो काढणारा मालक, पण कोणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे मानधन मिळायला लागलं की लेखी करार जास्तच महत्त्वाचा! तुझ्या केसमध्ये पैसे घेतलेले नाहीत, त्यामुळे बाजू तुझी आहे, पण समोरचा उद्या म्हणेल की पास हाच मोबदला, म्हणून कार्यक्रमाच्या आधीच एक साधा मेल टाकायचा. फोटो माझे, संस्थेला वेबसाइट आणि सोशल मीडियासाठी वापरायची परवानगी, फ्लेक्स किंवा जाहिरातीसाठी वेगळे पैसे, फोटोग्राफरचं नाव सगळीकडे. त्यांचा 'ओके' आला की तो मेल जपून ठेव. आणि कोणी सगळे हक्क लिहून मागितले तर सही करण्याआधी मुदत बघ, करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

तबल्याच्या_बाजूने:
मी तबला वाजवते आणि फोटोही काढते, म्हणून आवाजाचं मी सांगते. मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लाव, पण वर एलईडी असतील तर इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे येऊ शकतात, तेव्हा साउंडचेकला जाऊन दोनचार शटर स्पीडवर फ्रेम मारून बघायच्या. फ्लॅश तर काढूच नकोस. मुख्य म्हणजे ताल मोजत बस. विलंबित एकतालात गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची समेकडे नेणारी ओळ उचलतो तेव्हाच कॅमेरा डोळ्याला लावायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर हात खाली येतो, तबलजी मान वर करून गायकाकडे बघतो, मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या हसते, हे तिन्ही एका फ्रेममध्ये मिळतं आणि तेवढा एकच क्लिक पुरतो. आलाप चालू असताना डोळे मिटलेला चेहरा छान दिसतो म्हणून धडाधड बर्स्ट मारणारे बघितले की मला राग येतो, अहो तिथे माणूस षड्ज लावतोय! बाकी माइक तोंडासमोर येतो त्यामुळे अगदी समोर न बसता थोडं बाजूला बसायचं, आणि पांढरा झब्बा असला की एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं नाहीतर फोटोत कपडा पार पांढराफटक होऊन जळतो.

पेठेतला_कॅमेरा:
ताई, मुखड्याचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण आयोजकाकडे मुळात बजेटच नसेल तर?

फिरता_लेन्स:
मग आयोजकाकडे कशाला मागतोस, कलाकाराकडे जा. तरुण गायक-वादकांना ब्रोशर, पोस्टर, नव्या रेकॉर्डिंगचं कव्हर यासाठी चांगले फोटो सतत लागतात आणि मोबाइलवरचे चालत नाहीत. मैफल झाल्यावर दोन फ्रेम छोट्या साइझमध्ये पाठव, पूर्ण साइझ हवी असेल तर दर सांग. क्लासेसचे गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम घे, तिथे पालक आनंदाने पैसे देतात. दर ठरवताना फक्त मैफलीचे तास धरू नकोस, निवड आणि एडिटिंगला रात्र जाते, ७०-२०० ची लांबून टिपणारी लेन्स भाड्याने आणली तर तेही त्यात घाल, आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख अडवू नकोस. फाइली मात्र नाव-तारीख-राग टाकून नीट लावून ठेव. सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तिथल्या कलाकारांच्या फोटोंवर फोटोग्राफर सतीश पाकणीकरांनी प्रदर्शनं आणि कॅलेंडरं केली, इतक्या वर्षांचा साठा स्वतःकडे असला की असं काही उभं राहतं. तुझं आज फुकट गेलेलं काम उद्या कोणाला तरी हवं असणार आहे रे, फक्त ते तुझ्या नावावर राहिलं पाहिजे.

कागदपत्री:
आणि त्या फ्लेक्सचा आजच फोटो काढून ठेव, तारीख दिसेल असा. आधी फोनवर नीट बोल, पुण्यात सगळे एकमेकांना ओळखतात, बऱ्याचदा फ्लेक्सवाल्याने परस्पर फेसबुकवरून उचललेला असतो. नाव टाकायला तयार झाले आणि बिल स्वीकारलं तर विषय संपला, नाहीतर मेलने रीतसर नोटीस. मसुदा लागला तर इथेच सांग, लिहून देतो.