प्रोसेसर तोच, मग गीकबेंचचा आकडा वेगळा का?

प्रश्न: बहिणीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय. दोन मॉडेल निवडलीत, प्रोसेसर दोन्हींत एकच. पण गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपवर एकाचा मल्टिकोअर स्कोअर (प्रोसेसरचे सगळे कोअर मिळून आलेले गुण) ७,४०० आणि दुसऱ्याचा ८,६००. दुसरा घेऊ का?

उत्तर १: आधी दोन्ही आकडे गीकबेंचच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत ते बघा. गीकबेंच ५ मध्ये आधार धरलाय इंटेलचा आय३-८१०० प्रोसेसर म्हणजे १,००० गुण, तर ६ मध्ये इंटेलचाच आय७-१२७०० म्हणजे २,५००. मोजपट्टीच बदलली, मग दोन आवृत्त्यांच्या आकड्यांची तुलना कशी करणार!

प्रश्नकर्ता: हो, पहिला आकडा ५ चाच निघाला. वाचलो!

उत्तर २: मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणून कळकळीने सांगतो. गीकबेंच दोन चाचण्यांच्या मध्ये उसंत देतं, त्यामुळे पातळ लॅपटॉपही त्यात चमकतो. माझा जुना लॅपटॉप असाच फसवा होता. एक्स्पोर्ट लावलं की दोन मिनिटं सुसाट, मग पंखा घोंघावायचा, कीबोर्डच्या वरची पट्टी चटका देईल इतकी तापायची आणि प्रोसेसरचा वेग ४.२ गिगाहर्ट्झवरून थेट २.४ वर यायचा. दुकानात चार्जर लावून सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरची दुसरी चाचणी चालवा. आधी एकच फेरी, मग दहा मिनिटांची. दुसरा आकडा फार घसरला तर तो लॅपटॉप नकोच. आणि हो, रॅमच्या दोन पट्ट्या आहेत ना, तेही विचारा; त्यानेही वेगात फरक पडतो.